पावागडच्या मागचे काळे डोंगर

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला डोंगर म्हटलं की एकच आठवतो, पावागड. बाकी सगळी सपाट जमीन. नवरात्रात कालिकामातेचं दर्शन, उडनखटोल्याच्या रांगेत दोन तास, खाली उतरल्यावर भाजलेलं मक्याचं कणीस आणि घरी परत. माझं सगळं लहानपण या एकाच डोंगरावर भागलं. बी.ई. झाल्यावर नोकरीसाठी सहा वर्षं पुण्यात होतो. तिथले मित्र शुक्रवारी संध्याकाळी राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड असे बेत आखायचे आणि मला विचारायचे, "तुमच्या गुजरातमध्ये आहे का रे काही चढायला?" मी पावागड सांगायचो आणि यादी तिथेच संपायची.

तीन वर्षांपूर्वी घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मी बडोद्यात परत आलो. रोजचा प्रवास नसल्यामुळे शनिवार-रविवारी अंगात जोर शिल्लक असायचा. पावागडावरून पूर्वेकडे पाहिलं की बुटक्या टेकड्यांची एक रांग दिसते. ती शिवराजपूरवरून पुढे जांबुघोड्याच्या जंगलात शिरते. आपण सगळ्यांनी ती पाहिलेली असते, फोटोंमध्ये मागे आलेलीही असते, पण तिथे काय आहे हे विचारत कोणी नाही. मी त्या टेकड्यांत जायला लागलो. कधी एकटा, कधी बाबांना आणि आठवीतल्या भाच्याला घेऊन.

तिथे बुलंद दरवाजा नाही की राजवाडा नाही. पण एकेकाळी या टेकड्यांच्या पोटातून मँगनीजचा काळा दगड निघत होता, तो न्यायला आगगाडी आली होती आणि इथला माल आगबोटीत चढून परदेशात जात होता. आज तिथे साग, मोह आणि बांबूचं जंगल आहे, पाण्याने भरलेले खड्डे आहेत आणि चालायला फार सुरेख वाटा आहेत. त्या वाटांची आणि त्या दगडाची ही गोष्ट.

दोन वयांचे डोंगर

आधी थोडं दगडांबद्दल. पावागड आणि त्याच्या मागच्या टेकड्या शेजारी शेजारी असल्या तरी भाऊबंद नाहीत. पावागड हा आपल्या सह्याद्रीचा नातेवाईक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाच्या थरांनी महाराष्ट्राचं पठार घडवलं, त्याच थरांचा हा एकटा उरलेला तुकडा. त्याच्या माथ्यावर नेहमीच्या काळ्या बेसाल्टपेक्षा फिकट रंगाचा रायोलाइट नावाचा खडक आहे. भूशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकापासून या डोंगराकडे येत आले आहेत ते त्यासाठी.

मागच्या टेकड्या मात्र शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही जुन्या. भूशास्त्रात या खडकांना 'चांपानेर' गटाचंच नाव आहे. मुळात समुद्रतळाशी साचलेली वाळू आणि चिखल, दाबाने आणि उष्णतेने बदलून त्याचे क्वार्टझाइट आणि फिलाइट झाले. त्या चिखलात काही थरांमध्ये मँगनीज साचलं होतं. पुढे लाखो वर्षं पावसाच्या पाण्याने बाकीचं वाहून नेलं आणि मँगनीजचा अंश घट्ट होत गेला. म्हणजे आपण ज्याला म्हातारा डोंगर समजतो तो पावागड या टेकड्यांपुढे परवाचा पोर आहे. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पावागडाकडे बघून "ज्युनियर" असं नाव ठेवलं. आता आमच्या घरात तेच चालतं.

आणखी एक नातं विसरायला नको. आपल्या शहरातून वाहणारी विश्वामित्री पावागडाच्या परिसरात उगम पावते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती आपल्या घरांत शिरली, तेव्हा आपण सगळे धरणाच्या आणि पुलांच्या पातळीचे आकडे पाहत होतो. त्या पाण्याची सुरुवात कुठे होते हे बघायलाही कधीतरी जायला हवं.

मुलूख कोणाचा?

मराठी वाचकाला इथला इतिहास परका नाही. १४८४ मध्ये महमूद बेगड्याने दीर्घ वेढ्यानंतर पावागड घेतला आणि पायथ्याशी चांपानेर ही राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनने तो जिंकला. मग शहर ओस पडत गेलं. अठराव्या शतकात मराठे आले. १७२७ मध्ये कंठाजी कदम बांडे यांच्या कृष्णाजी नावाच्या मानसपुत्राने चांपानेर घेतलं आणि पुढे पावागड ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी गड जिंकला, तहानंतर तो शिंद्यांना परत मिळाला.

आपल्याला सवयीने वाटतं की बडोद्याच्या आसपासचं सगळं गायकवाडांचं. पण गोध्रा, कालोल, हालोल, दाहोद आणि झालोद हे पाच महाल शिंद्यांचे होते. त्यावरूनच जिल्ह्याचं नाव पंचमहाल. १८५३ मध्ये त्यांचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८६१ मध्ये मुलखाची अदलाबदल होऊन ते कायमचे ब्रिटिश हद्दीत आले. खाणींच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची. सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यातल्या खडकांची पाहणी रॉबर्ट ब्रूस फूट या नामांकित भूशास्त्रज्ञाकडून करून घेतली होती आणि ती १८९८ मध्ये छापलीही गेली. पण शिवराजपूरचा दगड महाराजांच्या हद्दीबाहेर होता. तो ब्रिटिश मुलखातला, म्हणून तिथे मुंबईची इंग्रज पेढी आली.

आणि राजांच्या या यादीत एक नाव नेहमी गळतं, ते इथल्या नायकांचं. जांबुघोड्याच्या जंगलातले नायक आणि राठवा हे या टेकड्यांचे मूळ रहिवासी. १८५८ मध्ये आणि पुन्हा १८६८ मध्ये नायकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. १८६८ च्या उठावाचे पुढारी जोरिया भगत आणि रूपसिंग नायक यांना फाशी झाली. मला ही नावं शाळेच्या पुस्तकात कधी भेटली नाहीत, जांबुघोड्याच्या रस्त्यावर भेटली.

रशियातली गडबड आणि हालोलची टेकडी

मँगनीज कशासाठी लागतं? मुख्यतः पोलादासाठी. लोखंड वितळवताना त्यात राहणारा गंधक आणि ऑक्सिजन हे पोलादाला ठिसूळ करतात. मँगनीज त्यांना पकडून बाजूला करतं आणि पोलादाला चिवटपणा देतं. थोडंच लागतं, पण त्याच्याशिवाय चांगलं पोलाद होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत रेल्वे, पूल आणि जहाजं यांचा सपाटा सुरू झाला आणि मँगनीजला भाव आला.

भारतात हे खाणकाम आधी विशाखापट्टणमच्या बाजूला सुरू झालं आणि मग नागपूर, भंडारा, बालाघाट या भागात पसरलं. रामटेकजवळच्या मनसरच्या खाणी विदर्भातल्या वाचकांना माहीत असतील. त्या काळात जगाला सर्वांत जास्त मँगनीज पुरवणारा देश रशिया होता. १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध झालं, लगेच १९०५ ची क्रांती झाली आणि रशियाचा पुरवठा विस्कटला. भाव चढले. भारतात जिथे जिथे काळा दगड दिसेल तिथे लोक फावडी घेऊन पोचले. पंचमहालातल्या शिवराजपूरची खाण याच लाटेतली, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. शिवराजपूर सिंडिकेट नावाच्या कंपनीने ती चालवली. काकेशसमधल्या संपामुळे हालोलजवळच्या टेकडीवर सुरुंग लागतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली. जागतिक बाजार वगैरे शब्द आपण आपल्या नोकऱ्यांच्या संदर्भात वापरतो. पण एका देशात काहीतरी बिघडलं की दुसऱ्या देशातल्या माणसाच्या हाताला काम मिळतं किंवा जातं, हा प्रकार नवीन नाही.

काम कसं चालायचं? डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे टप्पे कापायचे, सुरुंगाने खडक सैल करायचा, हातोड्याने फोडायचा आणि काळे जड तुकडे हाताने निवडून वेगळे करायचे. पुरुष फोडणार, बायका डोक्यावर टोपल्यांतून वाहणार. भारतभरच्या मँगनीज खाणींत त्या काळी हेच चित्र होतं. निरुपयोगी दगड जवळच्या उतारावर ओतायचा. तेच ढिगारे आज आपल्याला छोट्या टेकड्या वाटतात.

छोटी गाडी

काढलेला दगड मुंबईच्या बंदरात न्यायला गाडी हवी. बडोदा-गोध्रा मार्गावर समलायानंतर चांपानेर रोड नावाचं स्टेशन लागतं. चांपानेर तिथून बरंच लांब, तरी नाव ते. कारण तिथून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी फुटायची: हालोल, पावागड, शिवराजपूर आणि शेवटी पाणी माइन्स. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काही वर्षांत ही गाडी सुरू झाली. चांपानेर रोडला मोठ्या रुळांच्या वाघिणींत माल बदलायचा आणि तिथून तो मुंबईकडे जायचा.

या गाडीमागे किलिक निक्सन ही मुंबईची पेढी होती. विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर 'शकुंतला' गाडीही याच पेढीच्या कंपनीची. तिकडे कापूस, इकडे मँगनीज. आपल्या बडोद्याला तर अडीच फुटी रुळांचं कौतुक जुनंच आहे. १८६२ मध्ये डभोई-मियागाम मार्गावर भारतातली पहिली अरुंद रुळांची गाडी धावली आणि सुरुवातीला ती बैल ओढत होते.

बाबा कॉलेजात असताना मित्रांबरोबर या शिवराजपूरच्या गाडीने पावागडला गेले होते. त्यांना इंजिनाचा नंबर आठवत नाही, तिकिटाचे पैसे आठवत नाहीत. आठवतो तो वेग. एक मित्र चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढला होता, असं ते ठामपणे सांगतात. आई म्हणते की दर वर्षी बोरांची संख्या वाढते आहे. ही गाडी केव्हाच बंद झाली. खाणीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून थंडावल्या. चांपानेर रोड स्टेशनचं नाव तेवढं राहिलं आहे. गोध्र्याकडे जाताना पाटी दिसली तर मुलांना जरूर दाखवा.

चालायला निघाल्यावर

सुरुवात पावागडापासूनच करावी, पण उडनखटोला सोडून. चांपानेरच्या तटापासून माचीपर्यंत आणि तिथून माथ्यापर्यंत यात्रेकरूंची जुनी पायवाट आहे. अटक, बुढिया, मोती, सदनशाह असे एकामागून एक दरवाजे लागतात. सात कमान, धान्याचे नवलखा कोठार, पडकी टाकी आणि दुधिया तलाव बघत गेलं तर डोंगर कळतो. २००४ मध्ये चांपानेर-पावागडचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामागे म. स. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने रमणलाल मेहता यांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ पासून काही वर्षं केलेलं उत्खनन आहे आणि बडोद्यातल्या वारसाप्रेमींची चिकाटीही आहे.

मग हालोल-बोडेली रस्त्याने पुढे जावं. शिवराजपूर मागे टाकलं की जांबुघोड्याचं जंगल सुरू होतं. १९९० मध्ये ते अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला वाटेवर असू नये. कडा आणि तारगोळ हे दोन जलाशय, त्यांच्या कडेने सपाट वाटा. मुलांबरोबर जायला याच चांगल्या. झंड हनुमानला उंचच उंच, एकाच दगडातला मारुती आहे. तिथून भीमाची घंटी, म्हणजे जातं, आणि अर्जुनाने बाण मारून काढलेली विहीर दाखवतात. पावसाळ्यात घोघंबा बाजूचा हाथणी मातेचा धबधबा. तिकडे गर्दी फार, पण पाणी खरंच देखणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पळस फुललेला असतो, आपल्या इथला केसुडो. होळीला त्याच फुलांचा रंग करतात.

खाणीच्या बाजूच्या वाटा वेगळ्या. तिथे आधी पायाखालचा रंग बदलतो. तांबडी माती संपून काळपट खडी सुरू होते. एक दगड उचलला तर आकाराच्या मानाने चमत्कारिक जड लागतो आणि बोटांना काजळी लागते. ढिगाऱ्यांच्या उतारावर घाणेरी आणि गांडो बावळ माजलेली असते, कारण तिथे मातीच नाही. जुन्या सागाचं जंगल जिथे थांबतं आणि बाभळीचं रान सुरू होतं, ती रेघ पाहिली की खाण कुठपर्यंत होती ते नकाशाशिवाय कळतं. संगणकावर काम करणाऱ्याला चुकलं की मागे जायची सवय असते. डोंगर कापला की मागे जाता येत नाही. त्याच्यावर पुढेच काहीतरी करावं लागतं.

मग खड्डे. उभ्या कापलेल्या भिंती आणि खाली हिरवं, निश्चल पाणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या गडांवरची टाकी आठवली. सह्याद्रीत टाकं खोदताना निघालेला दगड तटाला लावायचे आणि मागे उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठवायचे. दगडही उपयोगी, खड्डाही उपयोगी. इथे दगड मुंबईमार्गे परदेशी गेला आणि खड्डा जसा होता तसा राहिला. पायऱ्या नाहीत, कठडा नाही, उतरण नाही. म्हणून कितीही उकडत असलं तरी या पाण्यात उतरायचं नाही. काठ ढासळतात आणि खोली एकदम वाढते.

काकांचं म्हणणं

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही तिघं गेलो तेव्हा गावातले एक काका वाट दाखवायला आले होते. वय साठीच्या पुढचं, नायक समाजाचे. त्यांचे वडील आणि आत्या दोघंही खाणीत कामाला होते. काकांना लहानपणीची ओळ आठवते: संध्याकाळी डोंगरावरून काळ्या हातापायांची माणसं उतरायची आणि विहिरीवर पाणी कमी पडायचं. आत्याच्या डोक्यावर चुंबळीच्या जागी केस विरळ झाले होते ते शेवटपर्यंत तसेच राहिले.

एका खड्ड्याच्या काठावर आम्ही थेपले खायला बसलो. समोर पाण्यावर धिवर पक्षी सूर मारत होता. मी म्हणालो, "काका, बघा, निसर्गाने सगळं परत घेतलं की." आम्ही गुजरातीत बोलत होतो, पण त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं जसं दुसऱ्या भाषेत बोलल्यासारखं. मग शांतपणे म्हणाले, "परत कुठलं घेतलं? डुंगर तर इथेच आहे. काम गेलं."

त्यांचा मोठा मुलगा हालोलला एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे, धाकटा बडोद्यात बांधकामावर. दोघंही सणाला येतात. काका म्हणाले, "खाण पुन्हा सुरू झाली तर पोरं घरी जेवतील." बाबांनी विचारलं, "आणि जंगल?" काका म्हणाले, "जंगल आमचंच आहे. मोह वेचतो, टिमरूची पानं काढतो. पण त्यावर वर्ष निघत नाही. तुम्ही रविवारी येता, तुम्हाला जंगल पुरतं."

भाचा थेपला हातात धरून ऐकत होता. परतीच्या गाडीत त्याने विचारलं, "मामा, मग बरोबर कोण? ज्यांना जंगल ठेवायचं ते का काका?" बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी त्याला म्हणालो की दोन्हीतलं एक निवडायला आपल्याला सांगितलंच आहे कोणी, आधी माहिती तरी काढू.

माहिती काढल्यावर काही गोष्टी कळल्या. अभयारण्याच्या आत आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकामाला सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे, तेव्हा काकांच्या गावाजवळची टेकडी बहुधा शांतच राहील. दुसरं, खाण बंद करताना खड्ड्याचं आणि ढिगाऱ्याचं काय करणार याचा आराखडा देणं देशात २००३ पासून बंधनकारक आहे. इथले जुने खड्डे त्याच्या कितीतरी आधीचे. तिसरं, २०१५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर खाण चालवणाऱ्याला स्वामित्वधनाखेरीज काही रक्कम जिल्हा खनिज निधीत भरावी लागते आणि ती खाणीमुळे बाधित झालेल्या गावांवर खर्च व्हायला हवी. काकांचे वडील काम करत होते तेव्हा असा निधी नव्हता. टेकडीतला दगड गेला तेव्हा गावाच्या वाट्याला रोजची मजुरी आली, आणि मजुरी थांबली तेव्हा काहीच उरलं नाही. गोव्यात २०१२ मध्ये लोहखनिजाचं काम थांबलं तेव्हाही हाच प्रश्न गावोगाव उभा राहिला होता: खाण चालू असताना धूळ, बंद झाल्यावर रिकामे हात.

खिशातला फोन

हा प्रश्न जुना झालेला नाही, आणि आपण त्याच्या बाहेरही नाही. मँगनीज आता फक्त पोलादात जात नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या अनेक बॅटऱ्यांत ते असतं, आणि तशा गाड्या हालोललाच बनतात, जुन्या खाणीपासून थोड्याच अंतरावर. पलीकडे छोटाउदेपूर जिल्ह्यात कवांटजवळ आंबाडुंगर आहे. त्याच्या पोटात दुर्मिळ मूलद्रव्यांचा साठा आहे आणि राज्य सरकारची खनिज कंपनी तिथे प्रकल्प आखते आहे. यातल्या निओडिमियमपासून जी चुंबकं बनतात ती गाडीच्या मोटरमध्ये लागतात आणि आपल्या फोनच्या स्पीकरमध्येही. तिथेही राठवा वस्ती आहे. त्यांच्या घरांच्या भिंतींवर बाबा पिठोराचे घोडे आहेत.

मी दिवसभर ज्या पडद्यासमोर बसतो तो कुठल्यातरी डोंगरातून आलेला आहे. त्यामुळे खाणच नको असं म्हणणं मला जमत नाही. पण काकांना भेटल्यापासून एक गोष्ट मी प्रत्येक बातमीत शोधतो. किती टन निघणार, किती कोटींची गुंतवणूक होणार हे पहिल्या ओळीत असतं. काम संपल्यावर खड्ड्याचं काय होणार आणि गावाला काय मिळणार हे कितव्या ओळीत आहे, किंवा आहे का? मंडळातल्या आपल्या मुलांपैकी कोणी अभियंता होईल, कोणी वकील, कोणी सरकारी अधिकारी. तेव्हा त्यांनी ती ओळ आधी वाचावी, एवढ्यासाठी तरी त्यांना पावागडाच्या मागे न्यायला हवं.

जायचं असेल तर

बडोद्यापासून जांबुघोडं साधारण सत्तर किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर हालोलला गरम फाफडा खाऊन आठच्या आत वाटेला लागता येतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात वाटा निसरड्या होतात आणि जुन्या खाणींच्या कडा भुसभुशीत. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर परवानगी घ्यावी. गावातला माणूस बरोबर घ्यावा आणि त्याला योग्य पैसे द्यावेत. पिण्याचं पाणी घरून न्यावं. लहान मुलांना खड्ड्यांच्या काठाकडे हात सोडून जाऊ देऊ नये. ज्येष्ठांसाठी कडा जलाशयाची वाट पुरेशी आहे. बाबांनी गुडघ्याला पट्टा बांधून ती दोनदा केली.

शेवटी एक विनंती. छोट्या गाडीवर, चांपानेर रोड स्टेशनवर किंवा शिवराजपूरच्या खाणीच्या कचेरीत काम केलेलं कोणी आपल्या मंडळाच्या कुटुंबांत असेल, तर त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा. एखादं तिकीट, पगाराची पावती, गाडीसमोर उभं राहून काढलेला फोटो कपाटात सापडला तर अंकासाठी पाठवा. पुढच्या खेपेला ते सगळं काकांना दाखवायला मी घेऊन जाणार आहे. त्यांच्याकडे वडिलांचा एकही फोटो नाही. कोणाच्या तरी फोटोत मागे उभे असतील, असं त्यांना वाटतं.